तलाव बांधावा कोणाच्या पैशाने?

बडोद्याच्या हरणी भागातील मोटनाथ तलावात 18 जानेवारी 2024 रोजी शाळेच्या सहलीची नाव उलटली आणि 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका असे 14 जीव गेले. नावेत क्षमतेहून अधिक माणसे कोंबली होती. जीवरक्षक जाकिटेही सर्वांच्या अंगावर नव्हती. हा अपराध नाव चालविणारांचा व देखरेख न ठेवणारांचा. पोहता येत नव्हते, हा त्या लेकरांचा अपराध नव्हे. परंतु सयाजीराव महाराजांनी ज्या नगरीला 1892 साली आजव्याचे पाणी आणून दिले, जेथे प्रो. माणिकरावांनी जुम्मादादांच्या व्यायामशाळेत तरुणांची शरीरे घडविली, त्या नगरीतील सामान्य घरच्या मुलाने पोहावयास शिकावे कोठे? लालबाग, कारेलीबाग येथे महापालिकेचे तरणतलाव आहेत, हे खरे. पण 2011 च्या जनगणनेतच 16 लाखांवर गेलेल्या शहराला ते कसे पुरावेत?

अमेरिकेतील कित्येक गावांत असा प्रश्न सरळ मतपेटीपुढे ठेवतात : तलाव हवा, तर गावातील विक्रीवर अर्धा टक्का जादा कर देता काय? लोक होय म्हणतात वा नाही म्हणतात. निर्णय मात्र गावाचा असतो. आमच्याकडे तशी सोयच उरलेली नाही. गुजरात सरकारने 2007 साली महानगरपालिकांची जकात उठवून बदल्यात अनुदान देऊ केले. जकात नाक्यांवरील लाचलुचपत आठवली, की त्या कराबद्दल अश्रू ढाळावेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. पण पुढे 1 जुलै 2017 पासून वस्तु व सेवा कर आला, तो केंद्राने व राज्यांनी वाटून घेतला, आणि नगरपालिका हात पसरून दारात उभ्या राहिल्या. 74 व्या घटनादुरुस्तीने 1992 साली उद्याने व क्रीडांगणे ही कामे शहरांच्या यादीत घातली होती! घरकाम सुनेचे, कोठाराच्या किल्ल्या मात्र सासूच्या कमरेला.

शहरात गोळा होणाऱ्या या कराचा ठरावीक वाटा शहरास हक्काने मिळावा, ही मागणी आम्ही न्याय्य समजतो. तोवर घरपट्टीवर अल्पसा अधिभार बसवावा. विक्रीवरील कर हमाल आणि पेढीवाला यांच्याकडून साबणाच्या वडीमागे सारखाच पैसा घेतो. घरपट्टी निदान बंगल्याकडून झोपडीहून अधिक घेते. मात्र तो पैसा वेगळ्या खात्यात राहावा आणि त्याचा हिशेब दरसाल छापला जावा.

बांधकामापेक्षा खरी कसोटी पुढे आहे. पाणी गाळण्याची यंत्रे, क्लोरीन, जीवरक्षकांचे पगार, स्त्रियांसाठी वेगळी वेळ, यांचा खर्च वर्षानुवर्षे चालतो. कोनशिलेवर नाव कोरता येते, क्लोरीनच्या पिंपावर येत नाही. म्हणून उद्घाटनाला गर्दी होते आणि पुढे कुलूप लागते.

आमच्या सीमाभागातील वाचकांनी हे परगावचे गाऱ्हाणे समजू नये. ज्या विहिरींत आपण पाठीला डबा बांधून पोहावयास शिकलो, त्यांतील कित्येक आज बुजल्या आहेत. येत्या अंदाजपत्रकापूर्वी आपल्या नगरसेवकास गाठून एवढेच विचारावे : तलाव केव्हा, जीवरक्षक किती, आणि त्यांचा पगार कोणत्या खात्यातून?