वळू कोणाचा?

पोळ्याच्या दिवशी भद्रावतीच्या परिसरातील गावोगावी बैल सजतात. शिंगांना रंग चढतो, पाठीवर झूल येते, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जोड्या रांगेने उभ्या राहतात आणि घरधनीण औक्षण करून पुरणपोळीचा घास भरविते. कृतज्ञतेचा इतका सुंदर सण आमच्या पंचांगात दुसरा नाही. तथापि या रांगेत एक जनावर कधीच नसते. ज्याच्यावाचून त्या तोरणाखालचा एकही बैल जन्मास आला नसता, तो वळू कोठे आहे, त्याला चारा कोण घालतो आणि तो कोणत्या वंशाचा आहे, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारीत नाही. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवशीही विचारीत नाही. आज आम्ही तो विचारू इच्छितो.

भद्रावतीपासून मोहर्लीपर्यंतच्या कोणत्याही गावी जाऊन पाहावे. गाय माजावर आली की शेतकऱ्यापुढे तीन वाटा असतात. रानात कळपाबरोबर हिंडणारा जो कोणी गोऱ्हा असेल त्याच्यावर हवाला टाकणे ही पहिली. पशुवैद्यकीय दवाखान्यातून वा खासगी सेवकाकडून कृत्रिम रेतन करून घेणे ही दुसरी. शेजारच्या गावी कोणा हौशी गृहस्थाने वळू राखलेला असल्यास गाय तेथवर नेणे ही तिसरी. पहिल्या वाटेत निवड नाही. दुसरीत निवड आहे, पण ती बहुधा शेतकऱ्याची नसते. नळीत ज्या जातीचे रेत आले ते त्याने घ्यावयाचे. तिसरी वाट दिवसेंदिवस बुजत चालली आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जो वळू निवडतो तो त्या गावाची दहा वर्षांनंतरची शेती निवडत असतो. आणि म्हणून ही निवड ज्याच्या दावणीला ते वासरू बांधले जावयाचे त्याच्या हाती असली पाहिजे.

हा नुसता तर्क नव्हे. महाराष्ट्राने हा धडा एकदा घोड्यांच्या बाबतीत पुरेपूर शिकलेला आहे. भीमा-नीरेच्या काठची भीमथडी घोडी बेताच्या उंचीची, काटक आणि थोड्या चाऱ्यावर निभावणारी. मराठ्यांच्या स्वारांनी तिच्या पाठीवरून हिंदुस्थान पालथा घातला. पुढे राज्य इंग्रजांचे झाले. त्यांच्या फौजेला उंच घोडे हवे होते. १८७६ मध्ये हिंदुस्थान सरकारने घोड्यांच्या पैदाशीसाठी स्वतंत्र खाते काढले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून पैदाशीचे सरकारी घोडे ठेवले. ते बहुतांशी विलायती वा अरबी होते. शेतकऱ्याची घोडी तपासणीस उतरली की तिला हा घोडा मिळे. योजना वरवर उदार होती. परंतु नर निवडताना कसोटी लावली गेली ती रिसाल्याच्या गरजेची, घोडी पाळणाऱ्याच्या गरजेची नव्हे. देशी नर राखावा, त्याची वंशावळ ठेवावी, असे कोणास वाटले नाही. भीमथडीची जात टिकली ती बव्हंशी धनगर बांधवांमुळे. मेंढ्यांमागे फिरताना बिऱ्हाड वाहून नेण्यास त्यांना तीच लागे. स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय नोंद होण्यास २०२३-२४ साल उजाडावे लागले. मान्यतेची वरात निघाली तोवर घोडे संपत आले होते. पशुगणनेत २०१२ साली देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ साली ती ३ लाख ४२ हजारांवर आली.

घोड्याच्या बाबतीत जे झाले तेच स्वतंत्र भारतात गाईबैलांच्या बाबतीत झाले, असे म्हणणे सर्वस्वी न्याय्य ठरणार नाही. पण त्याची सावली स्पष्ट दिसते. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात निवडक गावांत जातिवंत वळू ठेवावेत, निकृष्ट नरांचे खच्चीकरण करावे, असा कार्यक्रम सुरू झाला होता. त्याची दिशा योग्य होती. पुढे देशाला दूध हवे होते, मुलांच्या पोषणासाठी ते हवेच होते. म्हणून जर्सी व होल्स्टिन वळूंचे रेत गावोगाव पोहोचले. जेथे हिरवा चारा, पाणी आणि दुधाचे संकलन जवळ होते तेथे संकरित गाईने कुटुंबे उभी केली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु ज्या शेतकऱ्याला गाय मुख्यत्वे बैलासाठी हवी होती त्याच्या पदरी काय पडले? संकरित गोऱ्ह्याला वशिंड जवळजवळ नसते. मानेवर जू ज्याच्या आधाराने बसावयाचे तोच आधार नाही. चंद्रपूरच्या उन्हात तो लवकर धापा टाकतो. दूध देणारी बहीण गोठ्यात राहते आणि भाऊ रस्त्यावर येतो. आता लिंगनिश्चित रेतामुळे दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी होऊ शकतात. दुग्धव्यवसायाला ते वरदान आहे. बैलावर शेती करणाऱ्यास नाही.

या प्रश्नाला आमच्या भागात आणखी एक पदर आहे. भद्रावती दोन प्रदेशांच्या सीमेवर वसली आहे. पश्चिमेस वर्धा नदीच्या बाजूला काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन; पूर्वेस मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे धानाच्या बांध्या. काळ्या रानात तासांमधून डवरा ओढावयास उंच, चपळ जोडी लागते आणि त्यासाठी वर्धा-नागपूरकडची पांढरी गवळाऊ जात प्रसिद्ध आहे. बांधीतल्या गुडघाभर चिखलात मात्र भारी बैल रुततो. तेथे लहानखुरी, हलकी, काटक जनावरे चालतात. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या अशा जनावरांना 'कठाणी' या नावाने २०२२-२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीचेच ते नाव आहे. काल-परवापर्यंत ज्यांना कागदोपत्री 'गावठी' म्हणून हिणविले जात होते, ती जनावरे आता नावाची झाली. आम्हांला याचा आनंद आहे. पण नाव मिळाले म्हणून वंश वाचत नाही. वंश वाचतो तो निवडलेल्या नरामुळे. 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

कोणी म्हणेल, शीतपेटीतून कठाणीचे आणि गवळाऊचे रेत द्या म्हणजे झाले. ते अवश्य द्यावे. एका उत्तम वळूपासून हजारो मात्रा मिळतात आणि नराकडून मादीला होणाऱ्या रोगांचा धोकाही टळतो. परंतु हे रेत उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्येच जगते. गाय एकवीस दिवसांनी माजावर येते आणि तो माज जेमतेम बारा ते अठरा तास टिकतो. सकाळी माज दिसला तर सायंकाळपर्यंत रेतन झाले पाहिजे. रस्त्यावरच्या गावी हे साधते. जंगलालगतच्या गावात, जेथे गाय दिवसभर रानात असते आणि माज गुराख्याखेरीज कोणास दिसत नाही, तेथे सेवक येईपर्यंत वेळ निघून जाते आणि गाय तिसऱ्याच कोणा गोऱ्ह्याकडून फळते. अशा गावांना कळपाबरोबर फिरणारा वळूच हवा. नळी आणि वळू यांत विरोध मानण्याचे कारण नाही. जेथे जे पोहोचेल तेथे ते द्यावे.

मात्र वळू म्हणजे वाटेल तो सांड नव्हे. वळूने तीन-साडेतीन वर्षांहून अधिक काळ एकाच गावी राहू नये. त्याच्याच कालवडी माजावर येऊ लागतात, आणि बापलेकीच्या संयोगाने खुजी, दुबळी प्रजा निपजते. त्याची सांसर्गिक गर्भपातासारख्या रोगांसाठी दरवर्षी रक्ततपासणी झाली पाहिजे. एका वर्षात पन्नास-साठ गाईंहून अधिक भार त्याच्यावर पडू नये. त्याच्या आईचे दूध, बापाचे काम आणि त्याच्या वासरांची वाढ यांची वही असावी. आणि नवा वळू आला की गावातल्या उरलेल्या निकृष्ट गोऱ्ह्यांचे वेळीच खच्चीकरण व्हावे. ते न झाले तर सारा खटाटोप व्यर्थ.

आता मुख्य अडचण. वळू पोसावयाचा कोणी? पूर्वी देवाला सोडलेला पोळ साऱ्या गावाचा असे. कोणाच्याही शेतात शिरला तरी त्याला कोणी काठी मारीत नसे. ती श्रद्धा गेली, आणि ज्या गायरानावर तो चरे तेही आटले. कोठे कोळशाची खाण आली, कोठे रस्ता आला, कोठे अतिक्रमण झाले. जंगलात न्यावे तर वाघाची धास्ती. २०१५ पासून राज्यात बैल व वळूंच्या कत्तलीस बंदी आहे. तिच्या इष्टानिष्टतेच्या वादात आम्ही येथे शिरत नाही, परंतु म्हाताऱ्या वा निरुपयोगी नराच्या चाऱ्याचा भार कोणी उचलावयाचा, याची पुरेशी तजवीज त्या बंदीबरोबर झाली नाही, हे तर उघड आहे. अशा स्थितीत एकट्या शेतकऱ्याने साऱ्या गावासाठी वळू पाळावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून आम्ही पुढील सूचना करतो. चार-पाच गावांच्या गटास एक, असे तपासलेले कठाणी वा गवळाऊ वळू जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने द्यावेत, आणि कोणती जात हवी ते ग्रामसभेने ठरवावे. वळू पाळणाऱ्या शेतकऱ्यास दरमहा ठरावीक मानधन मिळावे. गाय भरविण्याचा माफक आकार गावाने ठरवून त्याच्याच हाती द्यावा. दर तीन वर्षांनी गटागटांत वळूंची अदलाबदल व्हावी. वंशावळीच्या नोंदीसाठी नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने मार्गदर्शन करावे. आणि पैसा? २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी खाणबाधितांसाठीच निर्माण झाला आहे. ज्या कोळशाने गावाची कुरणे घेतली त्या कोळशाच्या पैशातून गावाचा वळू पोसला जावा, यात दान नाही. ही परतफेड आहे.

गाव हे करू शकेल काय, अशी शंका घेणाऱ्यांना आम्ही धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखाचे स्मरण देऊ. त्या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि आपल्या जंगलातील बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळून दाखविला. जे गाव बांबूचा हिशेब ठेवू शकते ते वळूचाही ठेवू शकेल.

ट्रॅक्टरच्या युगात बैलाची ही चिंता कशाला, असाही एक आक्षेप येईल. देशात नर गोवंश २०१२ मध्ये ६ कोटी ७९ लाख होता, तो २०१९ मध्ये ४ कोटी ७४ लाखांवर उतरला; काळाचा ओघ आम्हांसही दिसतो. पण ट्रॅक्टर भाड्याने घेणाऱ्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यास आपली पाळी येईतो थांबावे लागते, आणि पाऊस कोणाच्या पाळीसाठी थांबत नाही. अंगणातील जोडी तेथे त्याची स्वतंत्रता असते. शिवाय ज्या जाती या उन्हाला, या चिखलाला आणि या कडब्याला शेकडो वर्षांत सरावल्या, त्या एकदा गेल्या तर कोणत्याही कारखान्यात पुन्हा घडविता येणार नाहीत.

भीमथडीच्या घोड्याला न्याय मिळावयास फार उशीर झाला. कठाणीला मान्यता मिळाली तेव्हा तिचे कळप अद्याप रानात होते. एवढाच तिच्या पदरचा लाभ आहे. तो वाया घालवू नये. 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण आमच्या पूर्वजांनी हसण्यासाठी केली नव्हती. येत्या पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहतील तेव्हा प्रत्येक गावाने ग्रामसभेत एकच ठराव मांडावा : आमचा वळू कोणता, हे यापुढे आम्ही ठरवू. आणि तो ठराव जिल्हा परिषदेच्या दारी पोहोचला म्हणजे तेथील अधिकाऱ्यांनी त्याला फाईलच्या गोठ्यात बांधून ठेवू नये, एवढीच आमची त्यांना विनंती आहे.