विश्लेषण : वेब डेव्हलपरच्या घरातली संध्याकाळ जाते कुठे?

पुण्यात वाकड, बाणेर, पिंपळे सौदागर या भागांतल्या सोसायट्यांत रात्री साडेआठच्या सुमारास दिसणारे एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. आतल्या खोलीचे दार लावलेले असते, टीव्हीचा आवाज कमी केलेला असतो आणि आजी नातवाला दबक्या आवाजात बजावत असते, ‘बाबाची मीटिंग चालू आहे, दार वाजवू नकोस.’ घरून काम करण्याची मुभा मिळाली तेव्हा घराला वेळ मिळेल असे वाटले होते. प्रत्यक्षात माणूस घरी आला, त्याची संध्याकाळ मात्र ऑफिसकडेच राहिली. यावर ‘वेळेचे नियोजन करा’ हा सल्ला हमखास मिळतो. पण वेबसाइट आणि वेब अ‍ॅप घडवणाऱ्यांच्या बाबतीत अडचण शिस्तीची कमी आणि कामाच्या रचनेची जास्त आहे.

मीटिंग संध्याकाळीच का?

भारताची प्रमाणवेळ वर्षभर एकच असते, अमेरिकेची नसते. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. न्यूयॉर्कमधल्या क्लायंटची सकाळी दहाची मीटिंग त्यामुळे पुण्यात उन्हाळ्यात साडेसातला, तर हिवाळ्यात साडेआठला सुरू होते. कॅलिफोर्नियाच्या दहाला आपल्याकडे उन्हाळ्यात साडेदहा वाजतात आणि हिवाळ्यात साडेअकरा. तिकडच्या माणसाला बदल जाणवतही नाही, त्याचे दहा हे दहाच असतात. इथे मात्र नोव्हेंबरातल्या एका सोमवारपासून मुलाची जेवणाची आणि झोपायची वेळ मीटिंगखाली येते.

नवरा-बायको दोघेही याच क्षेत्रात, एकाचा क्लायंट लंडनचा आणि दुसऱ्याचा अमेरिकेचा असेल तर आणखी गंमत. ब्रिटनमध्ये घड्याळ बदलते ते मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेर एक आठवडा दोघांच्या मीटिंगांचे जुळलेले गणित पुन्हा विस्कटते. मुलाला क्लासहून कोणी आणायचे, हे ठरवायला घरात कॅलेंडर उघडून बसावे लागते.

कामाच्या तासांवरची जाहीर चर्चा नेहमी बेरजेवर अडकते. एन. आर. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा पुरस्कार केला, २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन ९० पर्यंत पोहोचले आणि दोन्ही वेळा गदारोळ झाला. पण वेब डेव्हलपरच्या घराला किती तास यापेक्षा कोणते तास हा प्रश्न जास्त भिडतो. आठवडा पंचेचाळीस तासांचाच असला तरी त्यातले दहा तास संध्याकाळी सात ते नऊ या पट्ट्यात पडले, तर पाचही संध्याकाळी गेल्या. शाळेत जाणारे मूल नेमके त्याच वेळी घरात जागे असते. उलट उशिराच्या पाळीचा एक फायदा मान्य करायला हवा. सकाळ मोकळी मिळते. डबा भरून मुलाला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडणारे बाप या सोसायट्यांत दिसतात, ते मागच्या पिढीत क्वचित दिसत.

साइट पडली की उठते कोण?

छापलेले पुस्तक दुकानात गेले की लेखक सुटतो. वेबसाइट चालू झाली की खरे काम सुरू होते. पेमेंट अडकते, सर्टिफिकेटची मुदत संपते, कोणीतरी डेटाबेसमध्ये केलेला छोटा बदल सगळ्या पानांना मंद करतो. नवी आवृत्ती चढवायची तर ग्राहक कमी असतील अशी वेळ निवडतात, म्हणजे रात्र किंवा शनिवार-रविवार. ‘शुक्रवारी डिप्लॉय नको’ हा या धंद्यातला जुना विनोद आहे आणि तो मोडणाऱ्यांचा रविवार कसा जातो हे घरच्यांना ठाऊक असते. सण तर उलटेच येतात. देशी खरेदीच्या साइटवर काम करणाऱ्यांची दिवाळी सेलच्या देखरेखीत जाते. अमेरिकी दुकानांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ नोव्हेंबरअखेर येतो, तेव्हा इथे कसलीच सुट्टी नसते आणि रात्र मात्र जागायची असते.

याला ऑन-कॉल म्हणतात. त्यात फोन वाजलाच पाहिजे असे नाही. तो वाजू शकतो, एवढ्यानेच लॅपटॉप लग्नाच्या हॉलमध्ये येतो, गावी जाताना रेंज कुठे मिळेल याची चौकशी होते आणि सिनेमा पुढच्या आठवड्यावर जातो. वाजला नाही तर त्या रात्रीची नोंद कुठेही होत नाही. कंपनीच्या हिशेबात ती रात्र मोकळी होती, घराच्या हिशेबात नव्हती.

शिकायचे कोणाच्या वेळेत?

तिसरी वेळ कोणी मोजतच नाही. जेक्वेरी २००६ मध्ये आली, अँग्युलरजेएस २०१० मध्ये, रिअ‍ॅक्ट २०१३ मध्ये. ज्या अँग्युलरजेएसवर अनेकांनी आपली पहिली नोकरी मिळवली, त्याचा अधिकृत पाठिंबा २०२१ अखेर संपला. दरम्यान त्याच नावाची, पण रचनेने वेगळी आवृत्ती २०१६ मध्ये आलेली होती. आता कोड लिहिणारी एआय साधने आली आहेत. हे सगळे शिकल्याशिवाय नोकरी टिकत नाही आणि पुढची मिळत नाही. तरी बहुतेक ठिकाणी ते ‘आपापल्या वेळेत’ शिकायचे असते.

हा आपापला वेळ सगळ्यांकडे सारखा नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८. घरातल्यांची देखभाल करणाऱ्यांमध्ये १५ ते ५९ वयोगटातल्या स्त्रियांची १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषांची ७४. हे आकडे सगळ्या देशाचे आहेत, आयटीतल्या घरांचे वेगळे नाहीत. तरीही बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर परतलेली मुलगी मुलाखतीत ‘सध्या नवीन काय शिकता आहात?’ या प्रश्नाला का अडखळते, हे समजायला ते पुरेसे आहेत. तिचा हात कोडवर बसलेला असतो. रात्री साडेदहानंतरचे ट्युटोरियल तेवढे राहिलेले असते.

कायद्याचा आधार किती?

कागदावर आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली. व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांना मात्र या तरतुदी लागू होत नाहीत आणि आयटीत चार-पाच वर्षांत पदनामात ‘लीड’ येते. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली, आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभाही दिली. पण संध्याकाळी जेव्हा क्लायंट जागा होतो, तेव्हा बहुतेक पाळणाघरे दार लावत असतात. बापासाठी खासगी क्षेत्रात रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचे खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत २०१८ मध्ये मांडले आणि २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी सदस्याचे विधेयक संसदेत संमत होऊन कायदा झाल्याचा शेवटचा प्रसंग १९७० चा, यावरून त्याचे भवितव्य ताडता येते. फ्रान्सने २०१७ पासून पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना याबाबत वाटाघाटी बंधनकारक केल्या. ऑस्ट्रेलियाचा ऑगस्ट २०२४ पासूनचा कायदा आपल्याला जास्त उपयोगी वाटतो. तो मालकाप्रमाणे क्लायंटच्या फोनलाही लागू आहे आणि नकार वाजवी की अवाजवी हे ठरवताना जास्तीचा मोबदला मिळतो का, घरच्या जबाबदाऱ्या कोणत्या, हेही पाहतो.

मग करायचे काय?

ऑन-कॉल हे काम आहे असे धरून त्याचा हिशेब ठेवायचा. हे स्वप्नरंजन नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ या पुस्तकात त्याचा तपशील आहे. ऑन-कॉलमध्ये एकूण वेळेच्या पाव हिश्श्याहून जास्त वेळ जाऊ नये, एका पाळीत दोनपेक्षा जास्त घटना आल्या तर काहीतरी बिघडले आहे असे समजावे, कचेरीच्या वेळेबाहेरच्या पाळीचा मोबदला द्यावा. आठवडाभराची पाळी असेल तर एका ठिकाणच्या टीममध्ये किमान आठ माणसे हवीत, असेही त्यात मांडले आहे. आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत हेच काम अनेकदा तिघा-चौघांच्या टीमवर असते. ‘पगार चांगला आहे ना’ असे त्यावरचे उत्तर असते. पगार चांगला आहे, पण तो गृहित धरून काढलेल्या फ्लॅटच्या हप्त्यामुळे नाही म्हणण्याची ताकदही जाते. जळगाव-लातूरहून आलेल्या पहिल्या पिढीच्या इंजिनिअरला हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिकण्यासाठी कामाच्या आठवड्यातले काही तास राखून ठेवणे ही त्याहून स्वस्त गोष्ट आहे. मीटिंगची वेळ ही सगळ्यांत स्वस्त. न्यूयॉर्कमध्ये सकाळी दहाऐवजी साडेआठला बसले, तर पुण्यात उन्हाळ्यात सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. मुलाच्या जेवणाआधी मीटिंग उरकते. पण करारावर सह्या होतात तेव्हा ही बाब विक्री विभागाकडे असते. टीमला ती कळते कॅलेंडरचे आमंत्रण येऊन पडल्यावर.