काळी मुसळी बागेत लावा, पण रानातून उपटून आणू नका



पाऊस पडला की एकच प्रश्न येतो. "कलमांच्या सावलीत लॉन पिवळं पडतंय, दुसरं काय लावू?" अहो, लॉनला ऊन लागतं. सावलीत ते धरणार कसं? मग नर्सरीवाला वेडेलिया देतो. फुलं पिवळीधमक, पण ती अमेरिकेकडची वेल. कांडी पडेल तिथं मूळ धरते, कुंपणाबाहेर पसरते आणि खाली आपलं गवतसुद्धा उगवू देत नाही.

आपल्याकडं सावलीचं झाड आहेच की. काळी मुसळी. नारळाच्या कोवळ्या रोपासारखी पानं, उंची वीत-दीड वीत. पावसाळ्यात अगदी जमिनीलगत सहा पाकळ्यांचं पिवळं फूल येतं. झाडाखालच्या पातेऱ्यात ती खूश असते.

पण माझं ठाम मत सांगतो, ती रानातून खणून आणू नका. मुसळीचं मूळ औषधात जातं, म्हणून आधीच लोक तिच्या मागे आहेत. मूळ सरळ खाली गेलेलं असतं, ते काढलं की झाड संपलं. फळही पानांच्या बुडाशी, मातीतच पिकतं. भर पावसाळ्यात खणलं तर पुढचं बीसुद्धा गेलं. देवराई ओसाड करून आपली बाग सजवायची, याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत.

रोपं वाढवणं सोपं आहे. कुणाच्या बागेतलं एक झाड मिळवा. पानाचं टोक ओल्या मातीला टेकवून वर छोटा दगड ठेवा. टोकाला मुळं फुटून नवं रोप होतं. स्वतःच्या बागेतलं मूळ काढलंच, तर डोळा असलेला बोटभर तुकडा परत मातीत लावा. रोपात वीतभर अंतर ठेवा, पाणी साचू देऊ नका. तणनाशक आणि ग्रासकटर तिथं अजिबात नको.

एक गोष्ट आधीच सांगतो. उन्हाळ्यात पानं वाळतात, जागा मोकळी दिसते. मेली समजून खणू नका. खुणेला काठी रोवा, वर पातेरा पसरा. पावसात ती परत येते.

वेडेलियासारखी महिन्यात जमीन झाकणार नाही. दोन-तीन पावसाळे थांबावं लागेल. आंब्याच्या कलमाला पाच वर्षं थांबतो ना आपण? मग हिच्यासाठी दोन पावसाळे जड का वाटावेत?

ज्यांच्या बागेत आहे, त्यांनी शेजाऱ्याला एक रोप द्या. रानातली रानात राहू द्या.