पावतीवर पेटंट?

तूर वखारीत ठेवायची, पावती घ्यायची आणि तिच्यावर पैसा उचलायचा, हे मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. २०१७ पासून तर वखार पावतीही इलेक्ट्रॉनिक झाली; ती बँकेकडे तारण ठेवता येते, दुसऱ्याच्या नावे करता येते. उद्या कोणी या पावतीचे बारीक तुकडे पाडून मोबाइलवर नाण्यासारखे फिरवले आणि त्यावर पेटंट मागितले, तर त्यात शोध तो कोणता?

असे दावे झालेले आहेत. तिजोरीतल्या सोन्याच्या आधारावर इलेक्ट्रॉनिक देवघेव करण्याच्या पद्धतीसाठी अमेरिकेत जेम्स टर्क यांना १९९७ मध्ये पेटंट मिळाले. डग्लस जॅक्सन यांचे ‘ई-गोल्ड’ १९९६ मध्येच सुरू झाले होते, पण टर्क यांचा मूळ अर्ज त्याही आधीचा. म्हणजे आधी कोण, एवढ्याने भागत नाही. त्या अर्जापूर्वी जगाला काय ठाऊक होते, ते पाहावे लागते. टॉलेमी राजांच्या इजिप्तमध्ये सरकारी कोठारातले धान्य जागचे न हलवता एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात वळते होत असे. त्यात फक्त संगणक नव्हता.

आपला १९७० चा पेटंट कायदा व्यवसायपद्धतीला पेटंट देत नाही. म्हणून हुशार अर्जदार तिला तंत्रज्ञानाचा अंगरखा चढवतात, आणि मग सारी भिस्त एकाच कसोटीवर येते: त्या विषयातल्या जाणकाराला ही गोष्ट सहज सुचली असती का? भांडी कातताना धरून ठेवण्याच्या पद्धतीवरील पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये याच कसोटीवर रद्द ठरवले. जुन्या साधनातला किरकोळ बदल म्हणजे शोध नव्हे, असा त्या निकालाचा रोख.

अर्थात उत्तर कळल्यावर गणित सोपेच वाटते, हेही खरे. एकच माल दोन बँकांकडे तारण टाकण्याची लबाडी जुनी आहे. ती रोखणारी खरोखर नवी तांत्रिक युक्ती कोणी काढली, तर तिला पेटंट जरूर मिळावे. पण मालाच्या आधारावर चलन ही कल्पनाच कोणाची खासगी मालमत्ता होता कामा नये.

अडचण पुराव्याची आहे. पेटंट तपासणारा अधिकारी छापील कागद आणि जुनी पेटंटे धुंडाळतो. वऱ्हाडचा व्यवहार अडत्यांच्या वह्यांत आणि काटापट्ट्यांत पडून आहे. मूर्तिजापूरशेजारच्या कारंज्यात १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार उभा राहिला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. सव्वाशे वर्षांचा हा अनुभव परीक्षकाच्या टेबलावर पोहोचतच नाही. वास्तविक कायद्याच्या कलम २५ नुसार भारतातला सार्वजनिक वापर हा विरोधाचा आधार ठरतो. स्थानिक समाजातले मौखिक ज्ञानसुद्धा चालते. पेटंट देण्यापूर्वी असा विरोध कोणीही नोंदवू शकतो.

तो नोंदवणार कोण? एकट्या शेतकऱ्याकडून ही अपेक्षा करणे ही थट्टा होईल. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि वऱ्हाडातल्या बाजार समित्या यांनी तारण, पावती आणि हस्तांतराच्या जुन्या पद्धतींचे तारीखवार दफ्तर मराठीत व इंग्रजीत छापून काढावे आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयाला द्यावे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर विरोधासाठी निदान सहा महिने मिळतात. पुरावा त्या मुदतीत शोधायला निघालो, तर हाती काही लागणार नाही.