पंक्तिप्रपंच

जेवायला बसलेल्या माणसाला भरल्या पानावरून उठवण्याची विद्या काही एकट्या आपल्याच भावबंदांना येते असे नाही. अमेरिकेतल्या 'कंट्री' संगीतवाल्यांनाही ती झकास साधते. लिल नॅस एक्स नावाच्या १९ वर्षांच्या कृष्णवर्णी पोराने ३० डॉलरला तयार ठेका विकत घेतला, तासाभरात गाणे मुद्रित केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये 'ओल्ड टाउन रोड' बाजारात सोडले. आमच्याकडे एवढ्या वेळात तबला लागत नाही हो!

मार्च २०१९ मध्ये गाणे 'बिलबोर्ड'च्या कंट्री-यादीत १९व्या जागी आले, आणि यादीवाल्यांनी ते खोडून टाकले. का? तर म्हणे, आजच्या कंट्रीची लक्षणे त्यात पुरेशी नाहीत. अहो, घोडा आहे, टोपी आहे, बूट आहेत, बॅन्जोही वाजतोय. आता काय गायकाने चारा खायचा? वर, यात वर्णाचा काही संबंध नाही, हाही खुलासा!

माझा राग इथेच आहे. बॅन्जो मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांचे वाद्य. ज्याच्या आजोबांनी घर बांधले, त्याच्याचकडे भाड्याची पावती मागायची?

पुढे एप्रिलमध्ये बिली रे सायरस या मुरलेल्या कंट्री-गवयाला सोबत घेऊन तेच गाणे पुन्हा निघाले. 'बिलबोर्ड'च्याच मुख्य यादीत ते ओळीने १९ आठवडे पहिल्या पाटावर मांडी घालून बसले. कंट्री-यादीत? छे! तिथे अजून सोवळे वाळत होते.