जत्रेला जाण्यापूर्वीं

ज्या घरीं रात्रीं दहा-बारा पानें मांडावीं लागतात, त्या घरांत एखादा विषय निघाला म्हणजे तो कोठें जाऊन थांबेल याचा नेम नसतो, हें आमच्या वाचकांना निराळें सांगावयास नकोच. गेल्या कार्तिकांत आमच्याकडे असाच एक विषय निघाला. त्याचा आरंभ झाला बिअरपासून आणि शेवट झाला माहीमच्या जत्रेंत!

आमचा पुतण्या चि. मिलिंद नोकरीनिमित्त पुण्यास असतो. एका रविवारीं तो घरीं आला असतां जेवणानंतर दिवाणखान्यांत कागद पुढें घेऊन कसलेंसें कोष्टक आंखीत बसला होता. "काय रे, परीक्षेचें वेळापत्रक कीं काय?" असें आत्याबाईंनीं विचारतांच, मुलगा मुळांत खोटें न बोलणारा असल्यामुळें, त्यानें खरें तें सांगून टाकलें. लहान लहान भट्ट्यांतून थोडथोडी, निरनिराळ्या चवींची बिअर तयार करण्याची चाल अलीकडे बरीच वाढली आहे. महाराष्ट्रांतील अशी पहिली भट्टी पुण्यासच २००९ सालीं निघाली. आतां अशा भट्टीवाल्यांचे मेळे भरतात, तेथें तरुण मंडळींची झुंबड उडते, आणि अशा एका मेळ्याला जाण्याचा बेत मिलिंद व त्याचे तीन मित्र करीत होते.

दादांनीं वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें, आणि बराच वेळपर्यंत त्याचें पान उलटलें नाहीं. वहिनी आवराआवर करावयास म्हणून आंत गेल्या. "आपल्या राज्यांत बिअरला कायद्यानें २१ वर्षें पुरीं असावीं लागतात, मला सव्विसावें चालू आहे," एवढें बोलून मिलिंदहि गप्प झाला. या पेयाची शिफारस आम्हांला करावयाची नाहीं, आणि मिळवत्या मुलाला चारचौघांदेखत उपदेश करण्याची हौसहि नाहीं. पण आत्याबाईंनीं तो कागद मागून घेतला, चष्मा लावला, आणि सर्वांना ऐकूं जाईल असा वाचला. दार उघडतांच जावयाचें. दिवेलागणीनंतर हलावयास जागा नसते. पोटभर जेवून निघावयाचें. चारच प्रकार चाखावयाचे, तेहि लहान पेल्यांतून, आणि दोहोंच्या मध्यें पाणी. चौघांपैकीं एकानें मुळींच घ्यावयाचें नाहीं व इतरांना घरीं पोंचवावयाचें. चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा अगोदर ठरलेली. शेवटची गर्दी फुटण्यापूर्वीं एक तास बाहेर.

कागद खालीं ठेवून त्या म्हणाल्या, "अरे, जवाच्या पाण्यासाठीं एवढा विचार करतोस, मग मला एकदां माहीमच्या जत्रेला नेण्यासाठीं का करीत नाहींस? इतकीं वर्षें मी म्हणतें आहें, आणि तुमचें सगळ्यांचें एकच उत्तर, गर्दी असते म्हणून!"

आत्याबाई म्हणजे आमच्या वडिलांच्या भगिनी. वय ८२. त्यांचें बाळपण माहीमास, शीतळादेवीच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर गेलें. लग्नानंतर त्या सांगलीस गेल्या आणि यजमान निवर्तल्यावर आमच्या दादरच्या घरीं आल्या. लहानपणीं वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनीं जी जत्रा पाहिली, ती पुन्हां एकदां डोळे आहेत तोंवर पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

ही जत्रा आमच्या बहुतेक वाचकांना ऐकून माहीत असेल. मखदूम अली माहिमी हे १३७२ सालीं जन्मलेले थोर सूफी पंडित. कुराणावरील त्यांचें अरबी भाष्य विद्वानांत प्रसिद्ध आहे. १४३१ सालीं ते वारले. त्यांच्या दर्ग्यापाशीं दरवर्षीं डिसेंबरांत, बहुधा आपल्या दत्तजयंतीच्या सुमारास, दहा दिवस जत्रा भरते. पहिल्या दिवशींचा मान मुंबईच्या पोलिसांचा. माहीमच्या पोलिसठाण्यांतून संदल व चादर वाजतगाजत दर्ग्याकडे जाते. दर्ग्याला जाणाऱ्यांत हिंदूहि असतात, ख्रिस्तीहि असतात. समुद्राच्या बाजूला रेतीबंदरावर उंच पाळणे लागतात, आणि रस्त्यावर खाजा, मालपुवा व परातीहून मोठ्या पराठ्यांबरोबर वजनावर विकला जाणारा हलवा यांचीं दुकानें लागतात.

मखदूम साहेबांची एक कथा आत्याबाईंना त्यांच्या वडिलांनीं सांगितली होती. रात्रीं आईनें पाणी मागितलें. मुलगा पेला भरून आणतो तों आईचा डोळा लागलेला. तिला उठवावें कसें म्हणून तो पेला हातीं धरून पहाटेपर्यंत उशाशीं उभा राहिला. "आपल्याकडे पुंडलिकासाठीं देव विटेवर उभा राहिला, तेथें आईसाठीं मुलगा पेला घेऊन उभा राहिला. उभें राहणें तेंच," असें त्या म्हणत. माहीमची भूमि तशी जुनीच. बिंबराजाची राजधानी महिकावती ती हीच असें परंपरा सांगते. 'महिकावतीची बखर' इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापून प्रसिद्ध केली. आज ज्या बांधावरून आपण वांद्र्यास जातों तो १८४५ सालीं लेडी जमशेटजी जीजीभाई यांनीं दिलेल्या १,५७,००० रुपयांतून झाला. त्यापूर्वीं खाडी होडींतून ओलांडावी लागे.

तेव्हां जाण्यास योग्य स्थळ नव्हे, असें कोणाचेंच म्हणणें नव्हतें. अडचण निराळी होती, आणि ती वहिनींची होती.

२९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं परळ व एल्फिन्स्टन रोड हीं स्थानकें जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसें दगावलीं, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. वहिनींची कचेरी त्या भागांत. रोज त्याच पुलावरून त्या जात. त्या दिवशीं खंडेनवमी होती, म्हणून पूजेचीं फुलें घेण्यासाठीं त्या दादरच्या बाजारांत थांबल्या आणि त्यांच्या नेहमींच्या दोन गाड्या चुकल्या. पुढें त्या पुलाच्या पायथ्याशीं पोंचल्या तेव्हां त्यांना जें दिसलें तें त्यांनीं घरीं एकदांच सांगितलें: पायऱ्यांवर चपलांचा आणि जेवणाच्या डब्यांचा खच पडला होता. तेव्हांपासून गणपतीची मिरवणूक असो, कीं कोणाच्या लग्नांतील पंगत असो, दाराशीं चार माणसें अधिक दिसलीं कीं वहिनींचा चेहरा उतरतो. त्या आंतून बाहेर आल्या आणि शांतपणें म्हणाल्या, "आत्याबाई, तुमच्या पायां पडतें, एवढें मागूं नका. तुम्हांला कांहीं झालें तर मला या घरांत तोंड दाखवितां येणार नाहीं."

कोणी कांहीं बोललें नाहीं. दोघींचेंहि खरें होतें. घरांतील बहुतेक भांडणें खऱ्याखोट्यांतलीं नसतातच. दोन खऱ्या गोष्टी एका दारांतून एकदम जाऊं पाहतात, त्यांचीं असतात.

मार्ग काढला मिलिंदनें. त्यानें कोरा कागद घेतला आणि म्हटलें, "आई, तूं सांग. तुला कशाची भीति वाटते तें एकेक सांग, मी लिहून घेतों." त्या कागदावरून पुढें जो बेत ठरला, तो आमच्या वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देत आहों. जत्रा माहीमची असो, जेजुरीची असो, कीं आंगणेवाडीची असो, त्यांतील तत्त्व एकच.

पहिली गोष्ट वाराची. बुधवारीं माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्यें नोव्हेनासाठीं दिवसभर रीघ लागते. गुरुवारीं व शुक्रवारीं दर्ग्यांत दाटी. मंगळवारीं सिद्धिविनायकाची गर्दी आमच्याच वाटेवर. शनिवार-रविवार सुट्टीचे. उरला सोमवार. आत्याबाईंचा त्या दिवशीं उपास, म्हणजे जत्रेंत उघड्यावरचें खाण्याचा प्रश्नहि निकालांत निघाला! जें घ्यावयाचें तें बांधून घरीं आणावें आणि दुसऱ्या दिवशीं खावें असें ठरलें.

दुसरी गोष्ट वेळेची. दिवे लागल्यावर जत्रा खुलते, आणि गर्दीहि त्याच वेळीं लोटते. म्हणून दुपारीं चारला पोंचावें आणि सहाच्या आंत परतीच्या वाटेला लागावें. ज्यांना दिव्यांचीच शोभा पाहावयाची असेल त्यांनीं ती दुरून पाहावी.

तिसरी गोष्ट वाटेची. रेल्वेचे जिने आत्याबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाहींत, आणि वहिनींच्या मनाला झेपत नाहींत. २०२५ च्या मे महिन्यापासून भुयारी मेट्रो दादरहून शीतळादेवी मंदिर स्थानकास जाते. एकच टप्पा, आणि वर येण्यास पाळणा आहे. तेथून टॅक्सी करावी, आणि जेथें रस्ता बंद केलेला असेल तेथें उतरावें. परतण्याची वाट मात्र जाण्याच्या वाटेहून निराळी, गर्दीच्या उलट दिशेची ठरवून ठेवावी.

चौथी गोष्ट माणसांची. एका वृद्ध माणसामागें दोन धडधाकट माणसें, आणि एका मुलामागें एक. मुलांच्या खिशांत नांव व दोन मोबाइलचे आंकडे लिहिलेली चिठ्ठी. गर्दींत मोबाइल लागत नाहीं असें पुष्कळदां होतें, म्हणून चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा पक्की. आम्हीं शीतळादेवीचें देऊळ ठरविलें.

पांचवी गोष्ट आम्हांलाहि ठाऊक नव्हती. ती मिलिंदनें वाचून सांगितली. एका चौरस मीटर जागेंत चार माणसें असलीं तोंवर मनुष्य आपल्या पायांनीं चालतो. सहा-सात झालीं म्हणजे तो चालत नाहीं, पाण्याच्या लाटेंतल्या काटकीसारखा वाहतो. अशा वेळीं माणसें दगावतात तीं बहुधा तुडविलीं जाऊन नव्हे, तर उभ्याउभ्याच छातीवर दाब येऊन श्वास कोंडल्यामुळें. म्हणून दोन्हीं बाजूंच्या माणसांचे खांदे आपल्या खांद्यांना लागूं लागले कीं तीच परतण्याची खूण समजावी. त्यापुढें अडकल्यास हात छातीपुढें आडवे धरावे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लोटाविरुद्ध जोर करूं नये. लाट ओसरेल तेव्हां तिरकें तिरकें कडेला सरकावें. पडलेली वस्तु उचलण्यास कधींहि वाकूं नये, मग ती सोन्याची कां असेना. २००५ च्या जानेवारींत वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेंत अडीचशेंहून अधिक भाविक गेले. देवीच्या दारींहि गर्दीचे नियम बदलत नाहींत.

सहावी आणि शेवटची अट वहिनींनीं स्वतः घातली. बरोबरच्या मंडळींपैकीं कोणीहि, अगदीं सात वर्षांच्या मुलानेंहि, 'परत' असा शब्द उच्चारला कीं सर्वांनीं तेथूनच मागें फिरावयाचें. कां म्हणून विचारावयाचें नाहीं, आणखी चार पावलें म्हणावयाचें नाहीं, आणि घरीं आल्यावर त्याबद्दल बोलून दाखवावयाचें नाहीं. "हें कबूल असेल तर मीहि येतें," असें त्या म्हणाल्या. आत्याबाईंनीं लगेच कबूल केलें.

ठरल्या सोमवारीं आम्ही सातजण निघालों. आत्याबाईंनीं शीतळादेवीपुढें नारळ ठेवला. पुढें टॅक्सीनें व मग सावकाश पायीं आम्ही जत्रेंत शिरलों. त्यांनीं पाळणे पाहिले, मुलांना भिंगऱ्या घेऊन दिल्या, आणि माहीमच्या प्रसिद्ध हलव्याच्या, कागदासारख्या पातळ वड्यांचे दोन पुडे बांधून घेतले. दर्ग्याचा घुमट दिसूं लागला. दारापर्यंत फार तर शंभर पावलें उरलीं असतील, इतक्यांत मागून एक मोठा जमाव ताशे वाजवीत आला, आणि पाहतां पाहतां आमच्या दोन्हीं बाजूंची जागा भरून गेली. वहिनींनीं आत्याबाईंचा हात धरला होता. त्या हळूच म्हणाल्या, "परत."

आम्हीं आत्याबाईंकडे पाहिलें. इतक्या वर्षांची इच्छा शंभर पावलांवर होती. त्यांनीं घुमटाकडे एकदां हात जोडले आणि आमच्या आधीं त्याच मागें वळल्या. तिरकें तिरकें सरकत आम्ही कडेच्या गल्लींत आलों तेव्हां वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलें होतें. "माझ्यामुळें राहिलें," असें त्या म्हणूं लागतांच आत्याबाईंनीं त्यांना थांबविलें. "बोलून दाखवावयाचें नाहीं असें ठरलें आहे ना? तूं माझा हात सोडला नाहींस, मला तेवढें पुष्कळ."

त्या दिवशीं गर्दी पुढें वाढली कीं ओसरली, तें आम्हीं पाहिलें नाहीं. जत्रा उठल्यावर पंधरा दिवसांनीं एका मंगळवारीं सकाळीं वहिनींनीं रजा काढली, आणि त्या दोघीच माहीमास गेल्या. दर्ग्याच्या आवारांत दोन-चार माणसें होतीं. आत्याबाई मनसोक्त बसल्या, वडिलांच्या आठवणी सांगत राहिल्या, आणि येतांना वहिनींनीं बाटलींतलें पाणी पेल्यांत ओतून त्यांच्यापुढें धरलें तेव्हां हंसून म्हणाल्या, "मी झोंपलेली नाहीं हो, जागी आहें. दे लवकर."

एवढा खटाटोप करून शेवटीं दारांतून परतावयाचें, तर बेत कशाला करावयाचा, असें कोणी वाचक विचारतील. आमच्या मतें बेताची खरी कसोटी तीच. केव्हां जावें, काय खावें, कोठें भेटावें हें सर्वजण ठरवितात. केव्हां परतावें हें ठरविणारे थोडे, आणि ठरविलेलें पाळणारे त्याहूनहि थोडे. तो एक शब्द घरांतल्या प्रत्येकास, विशेषतः सुनांना व मुलांना, मोकळेपणें उच्चारतां यावा, इतकी सोय ज्या घरांत आहे, त्या घरानें कोणत्याहि जत्रेला खुशाल जावें.

मिलिंदच्या मेळ्याचें काय झालें, असेंहि विचारलें जाईल. तो गेला. जातांना आत्याबाईंनीं त्याच्या कागदाच्या तळाशीं स्वतःच्या हातानें सहावें कलम लिहून दिलें. रात्रीं नऊ वाजतां त्याचा वहिनींना फोन आला: एका मित्रानें आठ वाजतांच तो शब्द उच्चारला, आणि चौघेहि खोलीवर पोंचून पिठलें-भात करीत होते. दादांनीं त्या वेळींहि वर्तमानपत्र तोंडापुढें धरलेलें होतें. पण पान मात्र त्यांनीं लगेच उलटलें.