बगदाद करारात बगदादच उरले नाही

‘मुस्लिम देश सगळे एक’ हे वाक्य मोबाईलवर सारखे फिरते. आपले काही बांधव ते अभिमानाने पुढे पाठवतात, तर दुसरे काही आपल्याकडे बोट दाखवण्यासाठी. दोघांनीही 1955 च्या बगदाद कराराकडे एकदा पाहावे.

त्यात तुर्कस्तान, इराक, इराण, पाकिस्तान आणि चक्क ब्रिटन. अमेरिका सदस्य न होता पाठीशी उभी. जमवाजमव होती सोव्हिएत रशियाविरुद्ध. इस्लामचा तिथे काय संबंध? इजिप्तचे नासिर या कराराचे कडवे विरोधक. 1956 मध्ये त्यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले आणि इस्रायल, ब्रिटन, फ्रान्स चालून आले, तेव्हा नेहरूंचा भारत इजिप्तच्या बाजूने बोलला. नंतर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान गेले. पाकिस्तानची तुकडी नासिरांनी नाकारली. कलमा एकच, पण गट वेगळा!

1958 मध्ये इराकची राजेशाही उलथली, पुढच्या वर्षी इराक करारातून बाहेर पडला. नाव बदलून ‘सेंटो’ ठेवावे लागले. इराणच्या क्रांतीनंतर 1979 मध्ये तेही आटोपले. मात्र त्याच ओळखीतून तुर्कस्तान, इराण व पाकिस्तानने 1964 साली काढलेली सहकार्य संस्था आज ‘इको’ नावाने जिवंत आहे, आणि मध्य आशियातील माजी सोव्हिएत प्रजासत्ताके तिची सदस्य आहेत. ज्यांच्याविरुद्ध मांडव घातला, तेच आता पंगतीला!

आपल्या देशाचे गणितही तेव्हाचेच. 1954 मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला लष्करी मदत देऊ केली, भारत हळूहळू मॉस्कोकडे सरकला. मिग विमाने आली, 1971 चा मैत्री करार झाला. शस्त्र एकदा घेतले की सुटे भाग, दुरुस्ती, प्रशिक्षण, सगळे त्याच दुकानातून. सोव्हिएत संघ गेला, दुकान राहिले. म्हणून 2018 मध्येही एस-400 ची खरेदी रशियाकडूनच. तीच यंत्रणा घेतल्याबद्दल नाटोतल्या तुर्कस्तानला अमेरिकेने एफ-35 च्या प्रकल्पातून काढून टाकले.

2 मार्च 2022 ला युक्रेनवरील हल्ल्याच्या निषेधाचा ठराव आमसभेत आला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, इराण, इराक तटस्थ. तुर्कस्तान, सौदी अरेबिया ठरावाच्या बाजूने. सीरिया विरोधात. या यादीत ‘मुस्लिम गट’ कुठे आहे, तो संदेश पाठवणाऱ्यांनी एकदा दाखवावा.